पुढचा टायर पकडीचा, मागचा टायर दमाचा : बुलडाण्याच्या वाटांसाठी एमटीबीचे टायर कसे निवडायचे?

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी नीट केली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

हेडफोन लावलेत ना? सायकल चालवत असाल तर एकच कान लावा, दुसरा मागून येणाऱ्या ट्रकसाठी मोकळा ठेवा.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून निघाला. मोताळ्याकडच्या एका दोस्ताने विचारलं, "भाऊ, मांगचा टायर पार गुळगुळीत झाला. पुढचा चांगला हाय. नवा आणला तर मांगंच टाकू ना?" प्रश्न साधा वाटतो, उत्तरही उघड वाटतं. जो झिजला तो बदलायचा, अजून काय? पण राजेहो, माझं उत्तर आहे : नवा टायर पुढे टाक, आणि पुढचा काढून मागे लाव. असं का, हे समजून घेतलं की टायर निवडायची अर्धी विद्या आलीच. उरलेली अर्धी आपल्या जिल्ह्याच्या जमिनीत आहे. आज दोन्ही बघू.

दोन चाकं, दोन कामं

सायकलवर बसलं की आपलं वजन दोन्ही चाकांवर सारखं पडत नाही. सपाट रस्त्यावर साधारण ६० टक्के मागे आणि ४० टक्के पुढे. घरी वजनकाटा असेल तर मागचं चाक त्यावर ठेवा, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी घाला, भिंतीला टेकून बसा आणि आकडा बघा. मग चाकं बदलून परत बघा. पाच मिनिटांचा खेळ आहे.

आता चेन कुठल्या चाकाला जोडलेली आहे? मागच्या. म्हणजे पॅडलचा सगळा जोर मागचा टायर जमिनीला देतो. जास्त वजनही तोच उचलतो. म्हणून तो लवकर झिजतो. आणि तुम्ही दमता त्यातला मोठा वाटाही त्याचाच, कारण ज्या टायरवर वजन जास्त, त्याचा रस्त्यावर गडगडताना होणारा विरोधही जास्त. मागचा टायर हा कामकरी बैल आहे. त्याच्याकडून तीन गोष्टी हव्यात : हलकं पळणं, चढावर जागेवर न फिरणं आणि टिकणं.

पुढच्या टायरचं काम वेगळं. तो वळवतो. आणि ब्रेक दाबला की शरीराचं वजन पुढे सरकतं, उतारावर तर आणखीच. त्या क्षणी ४० टक्क्यांचा हिशेब उलटतो आणि थांबवायचं बहुतेक काम पुढच्या टायरवर येतं. म्हणजे वळणं आणि थांबणं, दोन्ही त्याच्याकडे.

आता मुद्द्याची गोष्ट. मागचं चाक घसरलं तर सायकलचं शेपूट हलतं, आपण पाय टेकवतो, हँडल जरा फिरवतो, सावरतो. लहानपणी आपण सगळ्यांनी मुद्दाम मागचा ब्रेक दाबून मातीत सायकल घसरवली आहे, मजा म्हणून. पुढचं चाक घसरलं तर? सावरायला वेळच मिळत नाही. हँडल हातातून जातं आणि खांदा आधी जमिनीला लागतो. म्हणून ज्या टायरची पकड उत्तम, त्याची जागा पुढे. मोताळ्याच्या दोस्ताला दिलेलं उत्तर यातूनच आलं. नवा टायर, कडक नॉब, ताजं रबर, हे सगळं पुढे. पुढचा अर्धवट झिजलेला टायर मागे जातो आणि तिथे आपलं उरलेलं आयुष्य काढतो. गुळगुळीत झालेला निघतो. खर्च एकाच टायरचा, आणि पुढे कायम चांगला टायर.

ही जोडी जमवायची कल्पना आली कुठून?

थोडक्यात सांगतो. प्रत्यक्ष वापरात रुळलेले पहिले हवेचे टायर जॉन बॉइड डनलॉपने बेलफास्टमध्ये केले, १८८८ मध्ये पेटंट घेतलं. आपल्याकडे आजही साध्या सायकलच्या व्हॉल्वला लोक डनलॉप म्हणतात, ते त्याच्याच नावावरून. डोंगरातली सायकल मात्र बरीच उशिरा आली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत १९७० च्या दशकात काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरायची. १९७६ मध्ये त्यांनी एका उतारावर शर्यत सुरू केली. त्या उताराचं नाव पडलं रिपॅक, कारण एकदा खाली आलं की ब्रेकच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. इंग्रजीत पुन्हा भरणं म्हणजे रिपॅक.

तेव्हा दोन्ही चाकांना एकच टायर असायचा. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की दोन चाकांची कामं वेगळी आहेत. जपानच्या पॅनारेसरची डार्ट आणि स्मोक ही जोडी त्यातली गाजलेली. डार्ट पुढे, स्मोक मागे. आजही मॅक्सिसच्या मिनियन टायरवर डीएचएफ आणि डीएचआर अशी अक्षरं दिसतात. त्यातला शेवटचा एफ म्हणजे फ्रंट आणि आर म्हणजे रिअर. श्वाल्बेच्या रेसिंग रे आणि रेसिंग राल्फ या जोडीतही रे पुढे आणि राल्फ मागे.

फरक डोळ्यांना दिसतो. मागच्या टायरच्या मधल्या भागात आडवे, रुंद नॉब असतात. नॉब म्हणजे टायरवरचे ते रबराचे उंचवटे. आडवे असल्याने ते फावड्यासारखे माती मागे ढकलतात. पुढच्या टायरच्या कडेचे नॉब उंच आणि मजबूत असतात, कारण वळताना सायकल झुकते आणि सगळा भार त्या कडेवर येतो.

आता आपली जमीन

व्हिडिओत दिसतं ते जंगल ओलं, पानांनी झाकलेलं, मऊ मातीचं. मस्त दिसतं. पण टायर निवडायचा तो आपल्या वाटेसाठी. आपल्या जिल्ह्यात एका दिवसाच्या चकरेत चार प्रकारची जमीन लागते.

पहिली, घाटातलं डांबर. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या डोक्यावर. मलकापूर खाली पूर्णेच्या खोऱ्यात, अडीचशेच्या आसपास. म्हणजे मोताळ्याकडे राजूर घाटाने उतरा की खामगावकडे बोथ्याच्या घाटाने, उंचीचा चांगला फरक अंगावर येतो. डांबरावर उंच, विरळ नॉबचा टायर गुरगुरतो, ताकद खातो, आणि वळणावर नॉब वाकल्यामुळे सायकल लुचलुचते. ओल्या डांबरावर तर त्याची पकड साध्या टायरपेक्षा कमी असते, कारण जमिनीला टेकणारं रबरच कमी.

दुसरी, मुरूम आणि गोटे. चिखली, मेहकर, लोणारकडचं पठार घ्या, किंवा डोंगराच्या उताराच्या वाटा. आपला दगड बसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, ज्यात लोणारचं विवर कोरलं गेलं तोच. कडक वाटेवर सुटा मुरूम पसरलेला असतो. जणू फरशीवर कोणी हरभरे सांडलेत. इथे पुढचा टायर सगळ्यात आधी दगा देतो. इथे कामाला येतात मध्यम उंचीचे, जवळजवळ बसवलेले नॉब आणि कडेला मजबूत रांग. शिवाय बसाल्टची धार टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, फाडते. म्हणून फार पातळ, फार हलका टायर आपल्याकडे चैनीचा ठरतो.

तिसरी, काळी माती. पांदण रस्ते, धुरे, पूर्णेकाठची सपाट शेतं, खाली शेगावपासून संग्रामपूर, जळगाव जामोदपर्यंत. उन्हाळ्यात ती दगडासारखी, वर भेगा. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून कडक झालेल्या, पुढचं चाक त्यात अडकलं की निघत नाही. आणि पावसाळ्यात? तुम्हाला सांगायलाच नको. ही माती पाणी पिऊन फुगते आणि गोंदासारखी चिकटते. पन्नास पावलांत टायरचा जाडा दुप्पट, मग माती फोर्कला घासते, व्ही-ब्रेक असेल तर तिथे अडकते आणि चाक फिरायचंच थांबतं.

लोक विचारतात, चिखलासाठी कोणता टायर? खास चिखलाचे टायर असतात. अरुंद, उंच आणि विरळ नॉबचे, म्हणजे माती झडून जाते. लाल मातीत, वाळूमिश्रित चिखलात ते चालतात. आपल्या काळ्या मातीवर त्यांचा फायदा थोडाच. तिच्यावरचा खरा उपाय आपल्या आजोबांना माहीत होता : वाफसा. पाऊस उघडला, दोन-तीन दिवस ऊन पडलं, माती नांगर धरण्याजोगी झाली की सायकलही धरते. तोवर डांबर किंवा मुरमाची वाट घ्या. ओल्या पांदणीत सायकल घालून सायकलही बिघडते आणि शेतकऱ्याची वाटही.

आणि चौथी गोष्ट, जी जमीन नाही पण जमिनीवर सगळीकडे आहे. काटे!

काट्यांचा जिल्हा

बाभूळ, हिवर, बोर, वेडी बाभूळ, आणि जमिनीवर सरपटणारा सराटा. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतोच. पावसाळा संपून तो वाळला की रस्त्याच्या कडा त्याने भरून जातात. बाभळीचा काटा दोन इंचांचाही सापडतो. शेताच्या कुंपणाला लावलेल्या फांद्या वाऱ्याने वाटेवर येतात. जानेवारी-फेब्रुवारीत तुरी कापल्या की उरतात तिरप्या कापलेली खुंटं. ती काट्याची थोरली भावंडं. पऱ्हाटी उपटून नेली असेल तर नशीब.

त्यामुळे आपल्याकडे टायरला विचारायचा पहिला प्रश्न पकडीचा नाही, काट्याचा. त्यावर चार उपाय आहेत, स्वस्तापासून सांगतो.

एक, गावठी पट्टी. जुनी ट्यूब उभी कापून टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये घालायची. गावोगावचे पंक्चरवाले हे वर्षानुवर्षं करतात आणि सराट्यावर ते चालतं. पट्टीची टोकं एकमेकांवर चढवू नका, तिथे घासून ट्यूबलाच भोक पडतं. वजन वाढतं, मागच्या चाकाला ते जास्त जाणवतं.

दोन, विकतची लायनर पट्टी. काम तेच, पट्टी जास्त कडक. तिच्या कडा ब्लेडने गोल करून घ्या.

तीन, ट्यूबमध्ये सीलंट. हा पातळ द्रव असतो, भोक पडलं की बाहेर येता येता तिथे गोठतो. त्यासाठी ट्यूबच्या व्हॉल्वचा आतला भाग, म्हणजे कोअर, निघणारा हवा.

चार, ट्यूबलेस. ट्यूबच नाही, टायर रिमला घट्ट बसतो आणि आत सीलंट फिरतं. सराट्याचे काटे लागतात आणि आपल्याला कळतही नाही. पण त्याला ट्यूबलेस रेडी लिहिलेला टायर, तशीच रिम, रिमवर टेप आणि खास व्हॉल्व लागतो. स्वस्त सायकलच्या साध्या रिमवर जुगाड करू नका. घाटात वळणावर टायर रिममधून निसटला तर काय होईल, ते सांगायला नको. दुसरं, सीलंट वाळतं. आपल्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा तर लवकरच. दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायचं, कमी झालं तर भरायचं. ही शिस्त जमणार नसेल तर ट्यूब आणि पट्टीच बरी.

आणि काटा टायरमध्ये दिसला तर लगेच उपटू नका! सीलंट असेल तर उपटून चाक फिरवा, भोक खाली येऊ द्या. साधी ट्यूब असेल आणि घर जवळ असेल तर काटा तसाच ठेवून घर गाठा, बऱ्याचदा तोच बूच असतो.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

दुकानात जाण्याआधी आपल्याच टायरच्या बाजूला मोबाइलचा टॉर्च मारा. २७.५ x २.१० असं काही लिहिलेलं असेल. पहिला आकडा चाकाचा ढोबळ व्यास, दुसरा टायरची रुंदी, दोन्ही इंचात. पण इंचावर भरवसा ठेवू नका. जवळच दुसरा आकडा असतो, ५४-५८४ असा. तो मिलिमीटरमध्ये आणि तोच खरा. ५४ रुंदी, ५८४ म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास.

हे पाठ करा : २६ इंची एमटीबी म्हणजे ५५९. साडेसत्तावीस म्हणजे ५८४. २९ म्हणजे ६२२. आता गंमत बघा. २६ x १ ३/८ लिहिलेला टायर, जो लेडीज सायकलला असतो, तो ५९० चा. दोन्हीवर २६ लिहिलंय, पण एकाचा दुसऱ्याला बसत नाही. आणि आजोबांची काळी, २८ x १ १/२ ची सायकल? तिचा आकडा ६३५. म्हणजे जुनी २८ ही आजच्या २९ पेक्षा मोठी! म्हणून दुकानदाराला इंच नको, तीन आकडी संख्या सांगा. ऑनलाइन मागवणार असाल तर तोच आकडा जुळवा. परत पाठवायची कटकट वाचेल.

रुंद टायर घेण्याआधी जागा मोजा. फोर्क आणि टायरमध्ये, तसंच मागच्या दांड्या आणि टायरमध्ये, दोन्ही बाजूंना निदान सहा मिलिमीटर मोकळी जागा हवी. आपल्या मातीसाठी त्याहून जास्त असली तर बरं. साधारणपणे पुढे जागा जास्त असते, मागे कमी. इथे निसर्गच आपल्याला जोडी सुचवतो : पुढे २.२५, मागे २.१०. रुंद टायर पुढे म्हणजे पकड, किंचित अरुंद मागे म्हणजे हलकं पळणं आणि मातीला झडायला जागा.

बाण बघायला विसरू नका. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. काही टायरवर पुढे लावायचा बाण वेगळा आणि मागे लावायचा वेगळा असतो. पुढचा टायर मागे नेताना हा बाण पुन्हा तपासा.

रबराचंही बघा. मऊ रबर जास्त पकडतं आणि लवकर झिजतं, कडक रबर उलट. म्हणजे परत तेच सूत्र : मऊ पुढे, कडक मागे. टीपीआय म्हणून आकडा असतो, तो टायरच्या कापडातल्या धाग्यांची दाटी सांगतो. १२० वाला हलका आणि लवचीक, ६० वाला सहसा जाड आणि दणकट. आपल्या काट्या-गोट्यांत ६० वाल्याला नाक मुरडू नका.

हवा : फुकटातली सुधारणा

टायर बदलायला पैसे लागतात, हवा बदलायला लागत नाहीत. आपल्याकडे सवय अशी की कंप्रेसरवर जायचं आणि "टाईट भर" म्हणायचं. टायर दगडासारखा झाला की तो दगडावर उडतो, टेकत नाही. आणि टेकतच नसेल तर पकडणार कसा?

ट्यूबवाल्या २.१ ते २.२५ च्या टायरला, ६०-६५ किलोच्या माणसासाठी, मुरमाच्या वाटेवर पुढे २६ ते २८ पीएसआय, मागे ३० ते ३२, इथून सुरुवात करा. दर पाच किलोला एक-एक पीएसआय वाढवा. फक्त डांबरावर जायचं असेल तर ४० च्या आसपास. पुढे नेहमी दोन-चार कमी, कारण तिथे वजन कमी. टायरवर लिहिलेल्या किमान आणि कमाल आकड्याच्या बाहेर जाऊ नका.

फार कमी भरली तर? दगडावर आपटल्यावर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. पंक्चर काढताना बघा. एक भोक असेल तर काटा, दोन असतील तर हवा कमी होती. ट्यूब आपल्याला कारण सांगत असते.

उन्हाचा हिशेबही धरा. सकाळी २० अंशांना ३० पीएसआय भरली आणि टायरमधली हवा ४० अंशांना गेली, तर दाब सुमारे ३३ होतो. घातक नाही, पण दुपारी पुढचं चाक मुरमावर सकाळपेक्षा जास्त का उडतंय, त्याचं एक कारण हे.

आणि व्हॉल्व. मोटरसायकलसारखा जाड असेल तर तो श्रेडर, कुठल्याही पेट्रोल पंपावर, टपरीवर हवा भरता येते. बारीक, टोकाला छोटी नट असलेला तो प्रेस्टा. त्यासाठी पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण सिंदखेड राजाजवळ हवा गेली आणि ती नसली तर सायकल ढकलत यावं लागेल. कंप्रेसरवर सायकलची ट्यूब काही सेकंदांत भरते, ती ट्रकची नव्हे. थांबून थांबून भरायला सांगा.

मग कुणी काय लावावं?

तीन माणसं डोळ्यांसमोर आणतो.

पहिली, कॉलेजला किंवा अभ्यासिकेत रोज सायकलने जाणारी. वाट बहुतेक डांबरी, शेवटचा एखादा किलोमीटर कच्चा. मागे मधोमध जवळजवळ सलग पट्टी असलेला, बाजूला बुटके नॉब असलेला टायर, १.९५ किंवा २.१. पुढे जरा जास्त नॉबचा, पण बुटकाच. दोन्हीत पट्टी घाला.

दुसरा, रविवारी पहाटे दोस्तांसोबत घाट चढणारा आणि मुरमाच्या वाटेने परतणारा. आपल्यातले बहुतेक यातलेच. मागे बुटक्या, दाट नॉबचा क्रॉस कंट्री प्रकारचा टायर. पुढे मध्यम उंचीचे नॉब, कडेची रांग मजबूत, आणि एक माप रुंद. जमत असेल तर आधी पुढचा ट्यूबलेस-रेडी घ्या.

तिसरा, खरंच डोंगरउताराचा शौक असलेला, डिस्क ब्रेक, चांगला फोर्क. पुढे २.४ पर्यंत, मऊ रबराचा, उंच कडेचा. मागे मजबूत साइडवॉलचा आणि आडव्या नॉबचा. पण लक्षात ठेवा, ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं आहेत. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला रेडिओ कॉलर लावलेला वाघ चालत ज्ञानगंगेपर्यंत आला होता. वन विभागाच्या परवानगीशिवाय आत सायकल घालायची नाही. टायर कितीही भारी असो.

तुमचे प्रश्न

"दोन्ही टायर सारखे असले तर बिघडतं का?" अजिबात नाही. बहुतेक सायकली तशाच येतात. आहेत ते झिजेपर्यंत चालवा, पुढच्याची हवा जरा कमी ठेवा. जोडी जमवायची ती बदलायची वेळ आल्यावर.

"एकाच टायरचे पैसे आहेत." तर पुढचा घ्या. चांगला घ्या. मागे जुना नेऊन लावा.

"टायर बदलायचा कधी?" मधले नॉब जमिनीलगत आले, कडेचे नॉब मुळाशी चिरले, साइडवॉलमधून धागे दिसू लागले किंवा टायरला फुगा आला, यातलं काहीही दिसलं तर. धागे आणि फुगा दिसला तर त्याच दिवशी. नॉब शिल्लक आहेत म्हणून असा टायर मागेही लावू नका.

"महागडा टायर घेतला तर पडणार नाही ना?" भाऊ, टायर पकड देतो, अक्कल देत नाही. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात पुढचा ब्रेक करकचून दाबू नका, आणि हेल्मेट घाला. या तिन्हीला टायर पर्याय नाही.

आता करायचं काय?

आज संध्याकाळी तीनच गोष्टी करा. टायरवरचा तीन आकडी नंबर मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दोन्ही टायर हाताने चाचपून बघा, पुढचा मागच्यापेक्षा जास्त झिजलेला असेल तर जागा बदला, पण धागे दिसत नाहीत ना, हे बघूनच. आणि पंपावर मीटर असेल तर आत्ता किती हवा आहे ते मोजा. बहुतेकांचा आकडा वाटला होता त्याहून वेगळा निघेल.

तुमच्या गावाकडच्या वाटेवर कोणता टायर टिकला, किती महिने टिकला, कुठल्या काट्याने मारला, हे व्हॉइस मेसेजमध्ये पाठवा. गावाचं नाव आणि वाट कशी आहे तेवढं नक्की सांगा. चिखलीचा अनुभव शेगावला चालेलच असं नाही, पण एकमेकांचं ऐकलं तर एखाद्याचा टायर आणि एखाद्याचा खांदा वाचेल.

पुढच्या भागात ब्रेक पॅड आणि घाटउतारावर बोलू. तोवर चाकात हवा असू द्या, आणि नवा टायर पुढेच. भेटू!